एंजिनाचा पाठलाग

जामनेरकडील माणसास ‘पीजे’ म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. पाचोऱ्यास मोठी गाडी सोडावी, वळकट्या-ट्रंका सांवरीत लहान गाडीच्या डब्यांत शिरावें, आणि शेंदुर्णी, पहूर करीत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारें ५६ किलोमीटरांची वाट सावकाश कापीत जामनेरास उतरावें, हा क्रम पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारापासून शंभर वर्षें चालला. २०२० सालच्या टाळेबंदींत ही गाडी थांबली ती पुन्हां निघाली नाहीं. रूळ रुंद करून तो मार्ग बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली आहे. पण रुंद रुळांवरून येणारी गाडी ही दुसरीच कोणी असणार. तिला कोणी ‘आपली पीजे’ म्हणेल असें आम्हांस वाटत नाहीं.

अशा गाडीच्या गांवीं राहिलेल्या माणसास आगगाडीचें एक मर्म पुस्तक न उघडतां कळलेलें असतें. आगगाडी कितीही बलाढ्य असली तरी ती एका रेषेवरची बंदिवान आहे. तिला पुढें जातां येतें, मागें येतां येतें. बाजूस मात्र होतां येत नाहीं. मार्ग एकेरी असला आणि समोरून दुसरी गाडी यावयाची असली, तर जेथें दुसरा रूळ असेल त्या स्टेशनांत तिला थांबलेंच पाहिजे. वाफेच्या काळीं तर तिच्या पोटाला जळण हवें, पाणी हवें. तीं संपलीं कीं तिचें सारें बळ संपलें. घोड्यावरून पळणारा चोर रानांत शिरूं शकतो. एंजिन चोरून पळणाऱ्या चोराला रान नाहीं. तो कोठून गेला हें पाठलाग करणारास विचारावें लागत नाहीं, आणि पाठलाग करणारा कोठून येणार हेंही चोरास पुरतें ठाऊक असतें.

‘दि जनरल’ ह्या नांवाचा जो मूकपट बस्टर कीटन ह्या अमेरिकन विनोदी नटानें १९२६ सालीं तयार केला, त्याची सारी इमारत एवढ्या एका मर्मावर उभी आहे. ‘जनरल’ हें एंजिनाचें नांव. हा चित्रपट सुमारें सव्वा तासाचा आहे, आणि त्यांतील बहुतेक वेळ एक एंजिन दुसऱ्या एंजिनामागें धांवत असतें. ऐकणारास वाटावें कीं यांत पाहण्यासारखें तें काय? पण आमच्या माहितींत आगगाडीवर इतका खरा चित्रपट दुसरा नाहीं. आणि तो ज्या खऱ्या घटनेवरून घेतला ती घटना तर चित्रपटाहूनही विलक्षण आहे.

आगगाडी व चलच्चित्र यांचें सख्य मुळापासूनचें आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा जो पहिला खेळ झाला, त्यांत स्टेशनांत गाडी येते एवढेंच दाखविणारें एक चित्र होतें. पुढें १९०३ सालीं एडविन पोर्टर यानें अमेरिकेंत गाडीवरील दरोड्याचा बारा-एक मिनिटांचा चित्रपट काढला. आणि १९१४ ते १९१७ या काळांत ‘हॅझर्ड्‌स ऑफ हेलन’ ही ११९ भागांची मालिका निघाली. तिची नायिका तारयंत्रावर काम करणारी एक मुलगी. धांवत्या गाडीच्या टपावरून पळणें, बेफाम सुटलेलें एंजिन आवरणें, चोरांस पकडून देणें, हीं कामें ती स्वतः करी. आमच्या वाचकभगिनींनीं हें ध्यानांत ठेवावें. त्या हेलनच्या एका हिंदुस्थानी धाकट्या बहिणीची गांठ पुढें पडणार आहे.

आतां ती खरी घटना. अमेरिकेंत उत्तरेचीं व दक्षिणेचीं संस्थानें यांच्यांत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें. दक्षिणेच्या जॉर्जिया प्रांतांत अटलांटापासून उत्तरेस चॅटनूगापर्यंत एक एकेरी लोहमार्ग होता. तो तोडला तर चॅटनूगाच्या दक्षिणी सैन्यास रसद पोंचणार नाहीं, असा उत्तरेकडील सेनापतींचा हिशेब. हें काम जेम्स अँड्र्यूज नांवाच्या, सैनिक नसलेल्या एका गुप्त हेरानें अंगावर घेतलें. साध्या वेषांतील सुमारें वीस माणसें घेऊन तो १२ एप्रिल १८६२ रोजीं पहांटे उतारू म्हणून गाडींत बसला. बिग शँटी ह्या स्टेशनावर गाडी न्याहरीसाठीं थांबे. उतारू, गार्ड, ड्रायव्हर, सारे खाणावळींत शिरले. तेथें तारऑफिस नव्हतें, म्हणून तर हें स्थळ निवडलेलें! दक्षिणेच्या सैन्याची छावणी अगदीं शेजारीं असतांना, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत, अँड्र्यूजच्या माणसांनीं मागचे डबे सोडले आणि एंजिन व पुढचे तीन मालडबे घेऊन चालते झाले.

गार्ड विल्यम फुलर यानें खिडकींतून आपली गाडी जातांना पाहिली आणि तो तिच्या मागें पायीं धांवत सुटला. एंजिनामागें धांवणारा माणूस पाहून लोक हंसले म्हणतात. आणि हंसण्याजोगेंच दृश्य तें! पण फुलर थांबला नाहीं. त्याच्याबरोबर ड्रायव्हर केन आणि रेल्वेच्या कारखान्यावरील अधिकारी मर्फी हे दोघे होते. कांहीं मैल पायीं, मग रूळ दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या ढकलगाडीवरून, मग वाटेंत सांपडलेल्या ‘योना’ एंजिनावरून, मग दुसऱ्या एका एंजिनावरून, पुढें रूळ उखडलेले दिसतांच पुन्हां पायीं, आणि शेवटीं समोरून आलेलें ‘टेक्सास’ नांवाचें एंजिन थांबवून, तें उलटें पळवीत, असा ह्या पाठलागाचा क्रम आहे. उलटें पळवीत, कारण एंजिनाचें तोंड फिरविण्यास वेळही नव्हता आणि जागाही नव्हती.

पळणारांना मात्र जो अडथळा आला तो शत्रूचा नव्हे, वेळापत्रकाचा. किंग्स्टन ह्या स्टेशनावर त्यांना तासाहून अधिक वेळ तिष्ठत बसावें लागलें, कां तर समोरून एकामागून एक मालगाड्या येत होत्या. त्या कां येत होत्या? उत्तरेच्याच सैन्यानें आदल्या दिवशीं हंट्सव्हिल शहर घेतलें होतें, आणि भयानें दक्षिणेचे लोक आपला माल खालीं हालवीत होते! ठरल्याप्रमाणें अँड्र्यूजनें हा बेत आदल्याच दिवशीं पार पाडावयाचा. पण पावसानें माणसांस उशीर झाला व त्यानें एक दिवस पुढें ढकलला. त्या एका दिवसानें त्यांचा घात केला. स्टेशनमास्तरास त्यानें बतावणी केली होती कीं ही दारूगोळ्याची खास गाडी असून ती सेनापतीकडे तातडीनें पोंचली पाहिजे. एक तासभर ही थाप सांवरून धरणें, आणि डब्यांत कोंडून घेतलेल्या माणसांनीं श्वास रोखून बाहेरचीं बोलणीं ऐकत बसणें, हा प्रसंग कोणा कादंबरीकारास सुचला असता तर वाचकांनीं अतिशयोक्ति म्हणून सोडून दिला असता. एकेरी मार्गावर क्रॉसिंगची वाट पाहत बसण्याचा ज्यांस अनुभव आहे, त्यांनाच त्या तासाची लांबी कळेल.

पुढें सारेंच उलट पडलें. पूल जाळावयाचे तर लाकडें पावसानें भिजलेलीं. पेटविलेला डबा पुलावर सोडून दिला, तरी पूल पेटेना. रूळ उखडावयास हातीं पुरेशीं हत्यारें नाहींत आणि मागून ‘टेक्सास’ची शिटी ऐकूं येते. शेवटीं सुमारें ८७ मैलांच्या धांवेनंतर, सरहद्द थोडी राहिली असतां, ‘जनरल’ची वाफ संपली. माणसें उड्या टाकून रानांत पांगलीं व थोड्याच दिवसांत सर्व पकडलीं गेलीं. अँड्र्यूज धरून आठांस फांशी दिलें. आठजण पुढें तुरुंग फोडून पळाले, उरलेल्या सहांची १८६३ च्या मार्चमध्यें कैद्यांच्या अदलाबदलींत सुटका झाली. अमेरिकेंतील सर्वश्रेष्ठ लष्करी पदक त्या महिन्यांत प्रथमच देण्यांत आलें, तें ह्याच टोळींतील सैनिकांस. अँड्र्यूज सैनिक नव्हता, म्हणून त्याच्या वांट्यास फांशी आली, पदक आलें नाहीं.

एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. पळालेलें ‘जनरल’ आणि त्याच्या मागें लागलेलें ‘टेक्सास’ हीं दोन्हीं एंजिनें उत्तरेंत, न्यू जर्सीमधील पॅटरसन ह्या एकाच गांवीं, एक-दोन वर्षांच्या अंतरानें बनलेलीं होतीं. दक्षिणेपाशीं कापूस होता, गुलाम होते. एंजिनाचे कारखाने फारसे नव्हते. युद्धाचा शेवट काय होणार हें ह्या एका गोष्टींत दिसत नाहीं काय?

सुटलेल्या सहा कैद्यांत विल्यम पिटेंजर नांवाचा एक तरुण होता. त्यानें ह्या हकीकतीवर पुस्तक लिहिलें. तें कीटनचा सहकारी क्लाइड ब्रुकमन याच्या वाचनांत आलें व त्यानें तें कीटनपुढें टाकलें. कीटन हा १८९५ साली जन्मलेला, आईबापांबरोबर लहानपणापासून रंगभूमीवर आदळआपट सोसून तयार झालेला नट. मुद्रा सदैव गंभीर, सगळा विनोद शरीराचा. यंत्रांचें त्याला अतोनात वेड. आगगाडीहून अधिक आवडतें खेळणें त्याला कोणी दिलें नसतें!

मूळचें ‘जनरल’ एंजिन तेव्हां चॅटनूगाच्या स्टेशनांत जपून ठेवलेलें होतें. तें चित्रपटासाठीं मिळावें म्हणून खटपट झाली. पण ह्या विषयावर विनोदी चित्र निघणार हें कळतांच विरोध झाला. तेव्हां कीटननें देशाच्या दुसऱ्या टोकास, ऑरिगन संस्थानांतील कॉटेज ग्रोव्ह ह्या गांवीं तळ दिला. तेथें लांकूड वाहणारा एक लहान लोहमार्ग होता, डोंगर होते, नदी होती. जुनीं एंजिनें विकत घेऊन त्यांना १८६२ चें रूप दिलें. ऑरिगनच्या राखीव सैन्यांतील सुमारें पांचशें जवान भाड्यानें आणले. तेच निळा पोषाख चढवून उत्तरेचे होत व करडा चढवून दक्षिणेचे. एंजिनें लांकडावर चालत. त्यांच्या ठिणग्यांनीं रानांत वणवे लागले, धुरानें आकाश झांकून गेलें व कांहीं काळ चित्रीकरण बंद ठेवावें लागलें.

चित्रपटांतील नायक जॉनी ग्रे हा दक्षिणेचा एंजिन ड्रायव्हर. त्याचीं प्रेमें दोन. एक आपलें एंजिन व दुसरी ॲनाबेल नांवाची कुमारिका. (ॲनाबेलचें काम मॅरियन मॅक हिनें केलें आहे, आणि तें करतांना तिला कमी सोसावें लागलेलें नाहीं.) युद्ध सुरू होतांच तो सैन्यांत भरती होण्यास पहिल्या रांगेंत जाऊन उभा राहतो, पण ड्रायव्हर म्हणून त्याचा अधिक उपयोग आहे असें ठरवून त्यास परत पाठवितात, आणि कारण सांगत नाहींत. ॲनाबेल समजते कीं हा भेकड. तो जाऊन आपल्या एंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी दांड्यावर उदास होऊन बसतो. एंजिन हलूं लागतें. दांडा वर जातो, खालीं येतो, आणि त्यावर बसलेला हा दुःखमग्न प्राणी वर-खालीं होत शेडमध्यें दिसेनासा होतो. आपण हलतों आहों हें त्याच्या गांवींही नाहीं! चाक जागच्या जागीं घसरून एकदम गरगरलें असतें तर कीटनचा जीव जाण्यास क्षणही लागला नसता. दुःख आणि हंसूं एकाच चित्रांत इतकें निवळ मिसळलेलें आम्ही फार थोड्या ठिकाणीं पाहिलें आहे.

मग उत्तरेचे हेर एंजिन चोरतात. गाडींत ॲनाबेलही असते. जॉनी मागें धांवतो. पायीं, ढकलगाडीवर, मग दुसऱ्या एंजिनावर, अगदीं फुलरप्रमाणें. पण एंजिनावर तो एकटा. सैनिकांचा डबा जोडावयाचा राहून गेलेला! ड्रायव्हरही तोच, फायरमनही तोच, तोफखानाही तोच. चोरांनीं रुळांवर टाकलेले ओंडके दूर करण्यासाठीं तो एंजिनाच्या अगदीं पुढें, गुरेंढोरें बाजूस सारणाऱ्या लोखंडी जाळीवर येऊन बसतो. एक जड ओंडका उचलून छातीशीं धरतो, तों समोर दुसरा ओंडका रुळावर आडवा! उतरण्यास वेळ नाहीं. तो हातांतला ओंडका नेमक्या ठिकाणीं फेंकतो. पडलेल्याचें एक टोंक दबून तो उडतो व दोन्हीं ओंडके बाजूस. येथें कात्री लावून जोडलेलें कांहीं नाहीं. एंजिन चालत आहे, माणूस पुढें बसला आहे, आणि हें सर्व आपल्या डोळ्यांदेखत घडतें. ज्यास यंत्र समजतें त्यालाच असा विनोद सुचतो.

दुसऱ्या अर्ध्या भागांत पारडें फिरतें. जॉनी शत्रूच्या मुलखांतून आपलें एंजिन व आपली ॲनाबेल दोहोंना सोडवून परत निघतो आणि आतां शत्रू त्याच्या पाठीं. जी युक्ति मघां चोरांनीं केली ती आतां तो करतो. जेथें तो फसला होता तेथें ते फसतात. एकाच वाटेनें जाणें व येणें, एवढीच रचना. पण जातांना पाहिलेली प्रत्येक टांकी, प्रत्येक सांधा, प्रत्येक पूल परत येतांना ओळखीचा भेटतो. पीजेनें नित्य जाणारा जसा पुढचें वळण आधींच जाणतो, तसा प्रेक्षक ह्या मार्गाचा रहिवासी होऊन जातो. आम्हांस ह्या चित्रपटाचें सर्वांत मोठें यश येथें दिसतें. पुष्कळ साहसपटांत कोण कोठें आहे हेंच कळत नाहीं, आणि त्या गोंधळासच रोमांच समजण्याची चाल पडली आहे.

ह्याच परतीच्या धांवेंत तो प्रसंग आहे, ज्यावर घरोघरच्या सासवा-सुना हंसतील. जळण संपत आलेलें, जॉनी घाईनें लांकडें भरतो आहे, आणि ॲनाबेल काय करते? केरसुणी घेऊन एंजिनाची जमीन झाडूं लागते! त्यानें दिलेल्या ओंडक्याला भोंक दिसलें म्हणून तो टाकून देते, आणि मग एक नाजूकशी ढलपी निवडून भट्टींत घालते. तो चिडून तिचा गळा धरतो, लगेच तिचें चुंबन घेतो, व पुन्हां कामास लागतो. आमच्या वडील मंडळींस शेवटची कृति रुचेल न रुचेल; पण संसाराचें इतकें थोडक्यांत वर्णन आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

आणि मग तो पूल. २३ जुलै १९२६ रोजीं कल्प क्रीकजवळ, रो नदीवर मुद्दाम बांधलेला लांकडी पूल पेटवून त्यावर खरेंखुरें एंजिन सोडण्यांत आलें. बाहुलीएवढें नकली एंजिन नव्हे. कित्येक टनांचें, वाफ भरलेलें. चालकाच्या जागीं माणसाऐवजीं पुतळा होता इतकेंच. आसपासच्या गांवांतून हजारों लोक जत्रेसारखे पाहावयास लोटले होते. पूल मधोमध कोसळला, एंजिन नदींत पडलें, वाफेचा लोट उसळला. पुन्हां करणें शक्य नव्हतें. एकच संधि, म्हणून सहा कॅमेरे लावले होते. खर्च बेचाळीस हजार डॉलर. मूकपटांच्या काळांत एकाच दृश्यावर इतका पैसा कोणी ओतला नव्हता म्हणतात. एंजिनाचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्या नदींतच पडून होता. तेव्हां लोखंडाच्या तुटवड्यानें तो मोडून नेला. गंमत पाहा : १८६२ सालीं ज्यांना पूल जाळावयाचाच होता त्यांना पावसानें जाळूं दिला नाहीं, आणि चौसष्ट वर्षांनीं विनोदासाठीं मात्र तो असा जळाला कीं जगानें पाहत राहावें.

येथवर आम्ही केवळ स्तुति केली. पण ह्या चित्रपटांत एक कांटा आहे, आणि तो लपविणें आमच्या वाचकांशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पिटेंजरचें पुस्तक कैद्याचें आहे. चित्रपट पाठलाग करणाऱ्याचा आहे. कीटननें पक्षच बदलला. हरलेल्यांस खलपुरुष केलेलें प्रेक्षकांस सहन होत नाहीं, असें त्याचें म्हणणें असे. नाट्याच्या दृष्टीनें त्यांत तथ्य आहे. एकटा पाठलाग करणारा वीस पळणारांहून केव्हांही अधिक प्रिय वाटणार. परंतु दक्षिण कशासाठीं लढत होती? कृष्णवर्णीय माणसांस गुरांप्रमाणें विकत घेण्याचा व राबविण्याचा आपला हक्क टिकावा म्हणून. जॉर्जियांतील शेतें, रस्ते, हे लोहमार्गसुद्धां, त्या गुलामांच्या श्रमावर उभे होते. आणि ह्या चित्रपटांत त्यांचें दुःख औषधालाही नाहीं. जॉनीचा जय झाला म्हणजे आपण टाळ्या वाजवितों, पण कशाचा जय झाला हें विचारीत नाहीं. शिवाय ज्यांच्या मागें लागून आपण हंसतों त्यांच्यापैकीं आठजण खरोखर फांसावर गेले.

यावर कोणी म्हणेल, विनोदी चित्रास एवढें गंभीर प्रश्न कशाला? आमचें उत्तर असें कीं, कीटननें स्वतःच तें चित्र गंभीरपणें घेतलें होतें. पोषाख, रूळ, तोफा, घरें, सर्व कांहीं त्या काळच्या छायाचित्रांशीं ताडून पाहिलें. ज्यानें बाह्य सत्याची इतकी कदर केली त्याला आंतील सत्याबद्दल विचारण्याचा आपणांस अधिकार पोंचतो. पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. घरांत मुलांना दाखवावा, आणि अंतरिमांत, चहाच्या वेळीं, थोरल्यांनीं तें युद्ध कशाचें होतें हें चार वाक्यांत सांगावें. मुलें तें ऐकूनही हंसतील, आणि हंसण्यास आमची हरकत नाहीं.

चित्रपटाचें पुढें काय झालें? तो १९२६ च्या शेवटच्या दिवशीं टोकियोंत व ५ फेब्रुवारी १९२७ रोजीं न्यूयॉर्कांत लागला. त्याला सुमारें साडेसात लाख डॉलर लागले होते. अमेरिकेंतून पांच लाखही परत आले नाहींत. समीक्षकांनीं लांबलचक व कंटाळवाणा ठरविला, आणि यादवी युद्धावर हंसणें कित्येकांस आवडलें नाहीं. परिणाम असा झाला कीं, कीटनला आपल्या मनासारखें काम करण्याची मोकळीक फार दिवस उरली नाहीं. १९२८ सालीं तो एका मोठ्या कंपनीचा पगारी नट झाला. कथा दुसऱ्यांच्या, निर्णय दुसऱ्यांचे. बोलपट आले, दारू जडली, घर मोडलें. ज्या माणसानें चालत्या एंजिनाच्या नाकावर बसून ओंडके उडविले, त्याला पुढें कचेरींतल्या माणसांनीं विनोद शिकवावा, ह्यासारखी विटंबना नाहीं. म्हातारपणीं मात्र लोकांस त्याची आठवण झाली. १९६६ सालीं तो वारला. १९७२ सालीं जगांतील समीक्षकांनीं निवडलेल्या दहा सर्वोत्तम चित्रपटांत ‘दि जनरल’ होता, आणि १९८९ सालीं अमेरिकन सरकारनें राष्ट्रीय ठेवा म्हणून जे चित्रपट प्रथम नोंदविले त्यांतही तो आहे. मूळचें ‘जनरल’ एंजिन आज केनेसॉ येथील संग्रहालयांत आहे. बिग शँटीचेंच आतांचें नांव केनेसॉ. म्हणजे जेथून चोरीस गेलें तेथेंच तें परत येऊन बसलें आहे.

आपल्याकडे ह्या जातीचे चित्रपट निघाले ते मुख्यतः वाडिया बंधूंचे. जे. बी. एच. वाडिया हे अमेरिकन साहसमालिकांचे मोठे चाहते. मूकपटांच्या काळांतच त्यांनीं हा व्यवसाय सुरू केला. त्यांचे बंधु होमी वाडिया यांनीं १९३६ सालीं ‘मिस फ्रंटियर मेल’ काढला, तेव्हां बोलपट येऊन पांच वर्षें झालीं होतीं; पण त्या चित्राचा आत्मा मूकपटाचाच. स्टेशनमास्तरावर खुनाचा खोटा आळ येतो, आणि त्याची मुलगी धांवत्या गाडीच्या टपावर गुंडांशीं मारामारी करून तो दूर करते. तें काम करणारी नादिया ही १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांत जन्मलेली, सर्कशींत वावरलेली स्त्री. हीच ती हेलनची हिंदुस्थानी धाकटी बहीण! पडद्यावर अबलांचें रडणें पाहून कंटाळलेल्या आमच्या आज्यांना ही मुलगी आवडली असेल तर त्यांत नवल नाहीं. फ्रंटियर मेल मुंबईहून पेशावरास जाई, ती आपल्या वाटेनें नव्हे. परंतु १९३९ सालीं त्याच मंडळींनीं ‘पंजाब मेल’ हें चित्र काढलें, आणि पंजाब मेल तर १९१२ पासून पाचोरा, जळगांव, भुसावळ ह्या खानदेशच्या रुळांवरून धांवत आलेली! कीटनइतकी यंत्राची बारीक समज वाडियांच्या चित्रांत नाहीं. तेथें गाडी ही मारामारीची रंगभूमि आहे. पण वेग आहे, धाडस आहे, आणि अन्याय झालेल्या गरीब नोकराची बाजू घेण्याचें इमान आहे. त्या एका बाबतींत नादियाचें चित्र जॉनी ग्रेच्या पुढें आहे, असें आम्ही निःसंकोच म्हणतों.

‘दि जनरल’ आतां घरच्या पडद्यावर सहज पाहावयास मिळतो. दोन सूचना करतों. त्याच्या प्रती अनेक आहेत. कांहीं अतिवेगानें फिरविलेल्या असतात, त्यांत माणसें मुंग्यांसारखीं तुरतुरतात व सगळी मौज जाते. चाल स्वाभाविक दिसेल अशी स्वच्छ प्रत निवडावी. दुसरें, चित्रांमधल्या पाट्या इंग्रजींत आहेत, जरी त्या थोड्या आहेत. मूकपटांच्या दिवसांत पडद्याशेजारीं उभा राहून एकजण त्या मोठ्यानें मराठींत सांगे, पेटी-तबला वाजे, आणि थेटरांत कोणी निरक्षर उरत नसे. घरांत आजी असतील, लहान मुलें असतील. कॉलेजांत जाणाऱ्या एखाद्या भाच्यास वा पुतणीस तें काम सांगावें. एंजिन पुलावर आलें म्हणजे मात्र त्यानें गप्प राहावें.